टायरातला कापूस

जीपचं मागचं चाक बसलं तेव्हा शेषराव दर्यापूर मागे टाकून अकोल्याच्या वाटेला बराच पुढे आला होता. जीप वामनरावांची, अकोल्याची जिनिंगही त्यांचीच, आणि दुपारी त्यांना पोरीच्या सोयरिकीसाठी अमरावतीला निघायचं होतं. "बाराच्या आत गाडी दारात पायजे," असं त्यांनी बजावलं होतं. वामनरावांनी बजावलेलं माणूस झोपेतही विसरत नसे. स्टेपनी हाताशी असती तर प्रश्नच नव्हता, पण ती शेषरावाने ठिगळ लावायला दर्यापुरात दिली होती आणि येताना ती घ्यायला तो विसरला होता.

त्याची नोकरी गेली तर बायकोचीही जाणार होती. जाईबाई त्याच जिनिंगच्या आवारात कापूस निवडायला बसायची आणि पोरीला शेजारी टोपलीत निजवायची. पोरीचं नाव पंचफुला. आधीची दोन लेकरं मातीआड गेली, तेव्हा कुठे ही जगली होती. तिला साधी शिंक आली तरी शेषराव रात्रभर तिच्या नाकाशी बोट धरून बसे. असा हा भित्रा माणूस.

रस्त्याच्या कडेच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या. ट्रकवाले अडचणीत टायरात गवत कोंबून गाडी हाकतात, असं त्याने ऐकलं होतं. पण त्या काळ्या रानात गवत कुठलं? जिकडे पाहावं तिकडे कापूसच.

"बाई, वंजळभर कापूस देता का?" त्याने हाक मारली. "टायरात भरतो."

केशरबाई नावाची एक म्हातारी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली. शेत तिचंच होतं. "टायर का गादी हाय गा?" ती म्हणाली, आणि सगळ्या बाया खो खो हसल्या. पण वऱ्हाडी माणूस हसता हसता मदत करतो. दोघी-तिघींनी आपल्या ओट्या तिथे रित्या केल्या. शेषरावाने पहारीने टायर रिमवरून उचकटला, फाटकी ट्यूब काढली आणि कापूस ठासठासून भरला.

"जिनात गेला का कापूस फेकजो नको," केशरबाईने बजावलं. "लक्ष्मी हाय ते. गंजीवर ठेवजो."

"ठेवतो ना, माय."

जीप लंगडत निघाली. चाक धपधप करत होतं, पण चालत होतं. अकोला आलं तेव्हा करपट वास सुटला होता. रबर तापलं असेल, असं म्हणून शेषरावाने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याचा सगळा जीव घड्याळात अडकला होता.

आवारात पोचताच त्याने चाक काढलं, हाताला लागला तेवढा कापूस उपसून आपल्या दुपट्ट्यात बांधला आणि दिल्या शब्दाप्रमाणे ते गाठोडं कापसाच्या गंजीच्या पायथ्याशी ठेवलं. गाठोडं चांगलं ऊनऊन लागत होतं. बाहेर डिसेंबरचा गार वारा सुटला होता. त्याला ती ऊब बरीच वाटली. मग चाक ढकलत तो फाटकाबाहेर बुधाजीच्या दुकानात गेला. बुधाजी टायर दुरुस्त करायचा आणि गिऱ्हाइकाला दोन शिव्या दिल्याशिवाय त्याचा हात चालत नसे.

"ठिगळ लागन का नवा घ्या लागन?" शेषरावाने भीत भीत विचारलं. नवा टायर म्हणजे वामनरावांसमोर उभं राहणं आलं.

बुधाजीने टायर उताणा केला. "भोक तं खिळ्याचं हाय. त्याले ठिगळ लागते. पन तू याले हवेबिना पळवला ना, गाढवा! बाजू पाय." त्याने टायरची कड दोन्ही हातांनी मुडपली. आतल्या सुताचा भुगा खाली पडला. "वरून धड दिसते, आतून पुरा मेला हाय. ठिगळ लावून देल्लं तं रस्त्यात फुटन अन् मालकासंगं तूबी जाशीन. नवाच पायजे."

इतक्यात बुधाजीचं बोट टायरच्या आतल्या खाचेत अडकलं. त्याने तिथून कापसाचा एक पुंजका ओढून काढला. वरून तो काळा पडला होता. बुधाजीने फुंकर घातली, आणि आत लालबुंद विस्तव फुलला.

"शेषराव," बुधाजीचा आवाज एकदम बदलला. "बाकीचा कापूस कोठी हाय?"

शेषराव धावत सुटला.

कापसाची आग कशी असते ते जिनिंगमध्ये वावरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ती आधी दिसत नाही. वरून गंजी पांढरीशुभ्र आणि आत विस्तव चरत जातो. वारा लागला की सगळं एकदम पेटतं. आणि त्या गंजीच्या सावलीत जाईबाई होती, फुला होती. धावता धावता त्याच्या ओठांवर मरीमायचं नाव आलं. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून ते नाव त्याने घेतलं नव्हतं. पण भीतीला असलं काही आठवत नाही.

गंजीच्या पायथ्याशी गाठोडं नव्हतं.

तो वेड्यासारखा दोन्ही हातांनी कापूस उकरू लागला. हमाल हसले. "काय हरपलं गा?" कोणीतरी विचारलं. निवडणाऱ्या बायांमधून जाईबाई उठून आली.

"काय झालं? काहून असे करून राह्यले?"

"गाठोडं! माया दुपट्ट्यातलं गाठोडं!"

"ते होय?" जाईबाई हसली. "पोरगी हिवानं कुडकुडत होती. गाठोडं कसं ऊनऊन होतं. सोडून तिच्या अंगाखाली घातलं. कशी निजली पाहा."

गंजीला लागूनच्या निंबाखाली टोपली होती. वारा टोपलीवरून वाहत होता.

शेषराव तिथवर कसा पोचला ते त्याला कधीच आठवलं नाही. त्याने पोरीला उचललं आणि जाईबाईच्या अंगावर जवळजवळ फेकलंच. टोपलीत गोधडी होती. तिचं टोक उचललं तर खालच्या बाजूला मधोमध एक काळं भोक पडलं होतं आणि भोकाची कड लाल होत पसरत होती. त्याने गोधडी ओढली. खालच्या कापसाला वारा लागला आणि भडका उडाला. बायांनी एकच ओरडा केला. त्याने पिण्याच्या पाण्याचा माठच्या माठ टोपलीवर उपडा केला. मग उरलेला ओला कापूस हातांनी चुरडत राहिला, हात भाजले तरी.

फुला झोपमोड झाली म्हणून रागाने रडत होती. जाईबाईने तिचं झबलं वर करून पाठ पाहिली. पाठीवर रुपयाएवढा लाल चट्टा होता. कातडी शाबूत होती. गोधडीचे सगळे पदर जळून शेवटचा, जाईबाईच्या जुन्या लुगड्याचा, तेवढा उरला होता.

बुधाजीच्या दुकानात चाक पाहून आलेल्या वामनरावांचा फाटकातून आवाज आला, "शेषराव! टायरचं काय झालं? ठिगळ लागते का नाही?"

"नवा लागन, मालक!" शेषराव ओरडला. वामनराव पुढे काय बोलले ते त्याने ऐकलंही नाही. त्याला हुंदका आवरेना. पोरीला घ्यायला त्याने काळे, फोड आलेले हात पुढे केले.

जाईबाई मात्र भिजलेल्या दुपट्ट्याकडे पाहत होती. "हे ऊन कशानं झालं होतं?" तिने विचारलं.

"टायरात भरून आनलं होतं," तो म्हणाला.

जाईबाईने पोरीला त्याच्यापासून लांबच्या खांद्यावर घेतलं आणि तिथेच उभी राहिली.