शहर आधी की बेट आधी

निम्म्या वस्तीला मऊ गादीवर झोपवणारा माणूस स्वतः मात्र बायकोशेजारी लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून असायचा, कारण कूस बदलली की पडद्यापलीकडे कळायचं. ही गरिबीची गोष्ट नाही. दुकान चांगलं चालत होतं. ही लाजेची गोष्ट आहे, आणि ती लाज कुणाची, हे ज्याने त्याने आपापल्या घरात डोकावून ठरवावं.

गादीवाल्याचं दुकान खाली, घर वर. वर दोन खोल्या आणि पुढचा हॉल. एक खोली सासूबाईंची, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. दुसरी आधी गादीवाल्याच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे भाऊजींच्या, अभ्यासाची होती. पुढे त्यांचं लग्न झालं तेव्हा 'नवीन जोडपं आहे' म्हणून ती त्यांनाच राहिली. नव्या जोडप्याचे केस पिकायला लागले तरी ते नवीनच. उरले गादीवाला आणि त्याची बायको, जिला घरात थोरली म्हणत. त्यांच्या वाट्याला हॉलचा कोपरा आणि एक पडदा. पाणी प्यायला उठणाऱ्याने पडद्याजवळून जाताना खोकायचं, एवढा सभ्यपणा त्या घरात होता. सासूबाईंचा खोकला खणखणीत, भाऊजींचा ओशाळा. धाकटी, म्हणजे भाऊजींची बायको, खोकायची नाही, गुणगुणत जायची. ते जास्त वाईट. थोरलीला मुलगी झाली ती भाऊजी परीक्षेला परगावी आणि सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या, त्या आठवड्याची कमाई. आता तीही शिकायला वसतिगृहात राहत होती.

सुरुवात झाली एका नव्या लॉजमुळे. तिथे गाद्या पोचवायच्या होत्या. गादी भरायची त्याने, टाके घालायचे तिने, आणि पोचवायला दोघं, असा त्यांचा धंदा. शेवटची गादी वरच्या मजल्यावरच्या पलंगावर टाकली आणि नीट बसतेय का बघायला दोघं तिच्यावर टेकले. वाऱ्याने दार लागलं. कुणी खोकलं नाही. बराच वेळ कुणीच खोकलं नाही. थोरलीला हसू फुटलं.

"काय झालं गं?"

"काही नाही. तेच तर."

मग त्यालाही उमगलं आणि तोही सुटला. लॉजचा मॅनेजर बघायला आला तेव्हा ही दोन पोक्त माणसं पोट धरधरून हसत होती. त्याला वाटलं, गादीतच काहीतरी खोट आहे. त्याने ती दोनदा दाबून पाहिली.

सुट्टी घ्यायची, दोघांनीच जायचं, हे घरी पोचेपर्यंत पक्कं झालं होतं. कुठे जायचं यावर मात्र जुंपली. घरात तर बोलायची सोय नाही. म्हणून बोलणं व्हायचं खाली दुकानात, कापूस पिंजायचं यंत्र चालू असताना. ते यंत्र असं धडधडायचं की शेजारी बॉम्ब पडला तरी कळू नये. त्याच्या आडोशाला दोघं एकमेकांच्या कानात ओरडायची, केसांत कापूस, भुवयांवर कापूस, अवेळी म्हातारी झालेल्या भुतांसारखी.

"शहरात जाऊ. मोठ्या," तो ओरडायचा. "सरकते जिने असतात तिथे."

"मग? जिन्यावर संसार मांडायचाय का?"

"इमारती असतात. रात्रभर दिवे."

"दिवे कशाला लागतात आपल्याला," ती म्हणून गेली आणि मग उगाचच दाभणात दोरा ओवायला लागली. दोरा आधीच ओवलेला होता.

तिला हवं होतं बेट. समुद्र तिने लहानपणी एकदा पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून, पुढच्या सीटवरच्या माणसाच्या टकलावरून. पाण्यात पाय सोडून बसायचं, स्वयंपाक झाला का असं कुणी विचारता कामा नये, एवढंच तिचं मागणं. शेवटी तिने खोळीचं कापड कापावं तसे सुट्टीचे मधोमध दोन तुकडे पाडले. अर्धी सुट्टी शहर, अर्धी बेट. वाटलं, मिटलं. पण नाही, आधी कुठे?

"बेट आधी," ती म्हणाली. "शहरात पायपीट करून आलात की तुम्ही बेटावर नुसते घोरत पडाल."

"शहर आधी. बेटावरून उठून शहरात जावंसं वाटलं नाही तर?"

"न वाटलं तर बिघडलं कुठे?"

"अगं, माझे सरकते जिने."

हे भांडण इतकं गोड लागायला लागलं की ते मिटू नये म्हणून दोघंही आपापला हट्ट धरून बसली. बोलायचं तर यंत्र चालू असावं लागे, आणि यंत्र चालू ठेवायला कापूस लागे. कापूस संपला की पिंजलेलाच पुन्हा आत टाकायचा. त्या आठवड्यातल्या उशा इतक्या मऊ झाल्या की गिऱ्हाइकं परत येऊन कौतुक करून गेली. वरून सासूबाई म्हणायच्या, "एवढं काय पिंजताय? कापसाचं पीठ करताय का?"

आणि मग व्हायचं तेच झालं. एका दुपारी गादीवाला तिच्या कानाशी तोंड नेऊन, सगळा जीव एकवटून ओरडत होता, आणि वीज गेली. यंत्र थांबलं. त्याचं वाक्य थांबलं नाही.

"बेटावर आपल्याला दार आतून लावून घेता येईल!"

रस्त्यावरचा भाजीवाला थबकला. समोरच्या न्हाव्याने वस्तरा हवेत धरला. गादीवाल्याने तोंडावर हात ठेवला, पण तो आता काय उपयोगाचा. जिन्याच्या वरच्या पायरीवरून सासूबाईंचा आवाज आला.

"कुठलं बेट?"

संध्याकाळचा चहा पिऊन होईपर्यंत ती सुट्टी सगळ्या घराची झाली होती. कसं झालं ते सांगण्यात अर्थ नाही, प्रत्येक घरात असंच होतं. सासूबाई म्हणाल्या, मरायच्या आधी एकदा समुद्र बघते. यावर कोण काय बोलणार? धाकटी म्हणाली, "ताई, मलाही किती दिवसांत कुठे जायला नाही मिळालं," आणि ते खरंही होतं. भाऊजी वाहतूक खात्यात कारकून. त्यांनी बोटींच्या वेळा तोंडपाठ सांगायला सुरुवात केली.

"वहिनी, एक काम करू. वेगवेगळ्या खोल्या कशाला? एकच मोठी घेऊ. खाली गाद्या टाकल्या की झालं. गाद्या काय, आपल्याच नेऊ."

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा चहाच्या कपात पाहत होता.

"चालेल ना रे?" सासूबाईंनी त्याला विचारलं.

"चालेल की," तो म्हणाला.

भीड भिकेची बहीण, म्हणतात ते या माणसाकडे बघून. थोरली उठली, कप तसाच ठेवला आणि खाली दुकानात गेली. अर्धवट गादी पुढ्यात ओढून तिने असे टाके घालायला सुरुवात केली की गादीला जीव असता तर ती ओरडली असती. थोड्या वेळाने तो जिना उतरून आला आणि बऱ्याच अंतरावर बसला. दाभण हातात असताना बायकोपासून किती लांब बसावं हे त्याला कळत होतं.

"आईला कसं नाही म्हणू?"

"मला बरं म्हणता."

"तुला कधी म्हटलं?"

"आत्ता. 'चालेल की' म्हणालात, त्यातलं 'नाही' कुणाला होतं?"

तो जरा जवळ सरकला. मग अगदी हळू म्हणाला, "मलाही नको आहेत गं ते सगळे."

"मग हे वर का नाही बोललात?"

"काय सांगू? कशाला जायचंय दोघांनाच, असं विचारलं तर काय सांगू?"

इथे मात्र थोरलीचा हात थांबला. प्रश्न खरा होता. या घरात भूक लागली म्हणता येतं, पाठ दुखते म्हणता येतं, पोट साफ झालं नाही हे तर सासूबाई रोज सकाळी जिन्यात उभं राहून सांगतात. पण नवरा-बायकोला दार लावून बसायचंय, हे म्हणायचं नाही. पोरं होतात ती जणू टपालाने येतात. असली सभ्यता तिने इतकी वर्षं पाळली होती, आणि सभ्यतेने तिला काय दिलं? एक पडदा, तोही तिनेच शिवलेला.

तिने बेट डोळ्यांपुढे आणलं. एकच बोट, एकच धक्का, एकच खाणावळ, त्यात ही सगळी वरात, वाळूत पसरलेल्या घरच्याच गाद्या आणि त्या गाद्यांमधून पाणी प्यायला निघालेले भाऊजी, खोकत. वेगळी खोली घेतली तरी बेटावर पळून जाणार कुठे? चहूबाजूंनी पाणी. मग तिने शहर डोळ्यांपुढे आणलं. हजार खिडक्या, आणि त्यातल्या एकीमागे कोण आहे याची कुणाला पडलेली नाही. गंमत म्हणजे तिने ज्यासाठी बेट मागितलं होतं, ते सगळं त्याच्या शहरातच होतं. समुद्र तेवढा नव्हता.

समुद्राचं तिला वाईट वाटलं. खूपच वाटलं. पण समुद्र काय, तो होता तिथेच राहणार होता. तिचे गुडघे आत्ताच कुरकुरायला लागले होते.

"चला वर," ती म्हणाली.

"दाभण ठेव आधी."

वर सगळे अजून टेबलाभोवतीच होते. कोणी कुठे झोपायचं याची वाटणी चालली होती. थोरली उभीच राहिली.

"बेट तुम्हाला," ती म्हणाली. "सगळं. आई, तुम्ही, भाऊजी, धाकटी, खुशाल जा. आम्ही दोघं त्याच दिवसांत शहरात राहणार. बेटावर येणार नाही."

"शहरात दोघंच?" सासूबाई म्हणाल्या. "काय करणार तिथे?"

गादीवाल्याचे कान लाल झाले. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

"झोपणार," थोरली म्हणाली.

"ते इथे होत नाही का?"

"नाही आई. इथे नुसते पडतो."

भाऊजींना एकदम खोकला आला. सवयच ती. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडातून असा काही हसण्याचा फवारा उडाला की चहा टेबलक्लॉथवर सांडला. सासूबाई हसल्या नाहीत. त्या थोरल्या सुनेकडे बघत राहिल्या, मग पडद्याकडे, मग पुन्हा सुनेकडे.

"इतकी वर्षं बोलली नाहीस ती."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"बाई, सासूने असलं विचारायचं असतं का?"

"सुनेने तरी सांगायचं असतं का? पण सांगितलं ना आत्ता."

सासूबाईंनी नाक ओढलं. त्या रागावणार असं सगळ्यांना वाटलं, बहुतेक त्यांनाही वाटलं असावं. पण त्या मुलाकडे वळल्या.

"ए कापशा. बायको एवढं बोलली आणि तू भिंत काय बघतोस? तुला जायचंय का नाही शहरात?"

या माणसाने जन्मात आईच्या तोंडावर स्वतःला काय हवं ते सांगितलं नव्हतं. थोरलीला वाटलं, आता हा 'चालेल की' म्हणाला तर आपण एकट्याच जाऊ, खरंच जाऊ, आणि पलंगावर आडवं-तिडवं झोपू.

गादीवाला उठला. काही न बोलता त्याने फोन घेतला, शहरातल्या एका हॉटेलचा नंबर लावला आणि सगळ्यांच्या देखत, यंत्र चालू असल्यासारखा मोठ्याने बोलायला लागला.

"हॅलो. खोली पाहिजे. चार दिवस. हो, दोन नाही, चारही दिवस. दोन माणसं. नाही, मुलं नाहीत बरोबर. आहे, मुलगी आहे, पण ती नाही येत. आई? आई आहे. ती बेटावर आहे. म्हणजे असणार आहे. जास्तीची गादी? नको हो. अजिबात नको."

तो ऐकत राहिला. मग फोनवर हात ठेवून बायकोकडे वळला.

"विचारतायत, सकाळी उठवायला माणूस पाठवायचा का?"

थोरली काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "सांग त्यांना, दारापाशी कुणी फिरकायचंसुद्धा नाही."