खुर्चीचं खोगीर

माझे वडील, आबा, या पौषात गेले. त्यांची आठवण निघाली की मला आधी त्यांची चाकाची खुर्ची दिसते.

बाभळीवरून पडून त्यांचं कमरेखालचं अंग गेलं, तेव्हा परभणीच्या शिबिरात ती मिळाली होती. सगळ्यांना एकाच मापाची. तिची कापडी बैठक झोळीसारखी लोंबायची. आबा डावीकडे कलायचे, आणि पडू नये म्हणून उजव्या हातानं दांडा धरून बसायचे. मग जेवणार कशानं? आई भरवायची. मेंढरं आणि बिऱ्हाडाचं घोडं घेऊन रानोमाळ हिंडलेल्या माणसाला त्याची लाज वाटायची. "भूक न्हाई" म्हणत म्हणत ते पार वाळले.

आईनं नव्या कापसाची गादी भरली. जितकी मऊ तितकी चांगली, असं तिला वाटलं. आबा तिच्यात रुतले आणि आणखीच वाकडे झाले. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसटी नव्हती, म्हणून मी कॉलेजला न जाता झरीला, आमच्या गावीच होते. त्यांना कुशीवर वळवताना माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. त्यांना कळलंही नव्हतं.

आईनं वाकून चट्टा बघितला. "आवं, घोड्याच्या पाठीवं असं दिसलं तर तुमी काय करायचे?"

"खोगीर उसवायचं. लागतंय तिथं पोकळ ठिवायचं, बाजूनं ठासून भरायचं." मग त्यांच्या ध्यानात आलं. "म्हाळसे, मला काय घोडं समजायलीस?"

"घोडं बरं. दाणा दावला की तोंड तरी उघडतं."

आबा लय दिवसांनी हसले.

गादी काढून खुर्चीत खाली फळी टाकली. जुन्या घोंगडीचे तुकडे शिवून त्यांत लोकर ठासली: मांड्यांखाली टणक, चट्ट्याखाली पोकळ, डाव्या कुशीला जाड वळकटी. आबा सांगत होते, आई टाके घालत होती, मी सुई ओवून देत होते. दोनदा उसवलं. "आजून डावीकडं भर," आबा म्हणायचे. "भरती की, दम धरा," आई म्हणायची.

संध्याकाळी आबांना बसवलं. ते सरळ बसले. दांडा सोडला, हात मांडीवर ठेवला, थोडा वेळ तसेच राहिले. मग ताट पुढं ओढून त्यांनी भाकरी मोडली.

आईनं सवयीनं घास कालवून उचलला होता. आबांचं तोंड भरलेलं होतं. तिचा हात मध्येच थांबला. नवऱ्याचं जेवण होण्याआधी ती कधी जेवली नव्हती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि तो घास स्वतःच्या तोंडात घातला.