गावकीचा नारळ

नम्रता कर्जतच्या कॉलेजात एक कादंबरी शिकवायची. त्यातल्या खटल्याचं प्रकरण आलं की बाईंचा आवाज चढायचा. निरपराध माणूस पिंजऱ्यात आणि साक्षीदार झाडून सगळे गावचे. "हा खटला एका माणसाचा नाही, अख्ख्या समाजाचा आहे," ती सांगायची. पोरं माना डोलवायची. दुसऱ्याच्या गावातला अन्याय काय हो, आंधळ्यालाही दिसतो.

इकडे तिच्या सासरी, खालापूरकडच्या गावात, एका फार्महाऊसचा पंप चोरीला गेला. चोरला सरपंचाच्या पुतण्यानं, मनोजनं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. पण पोलिसांना नाव दिलं गेलं कातकरवाडीतल्या शुक्राचं. पंप गेला त्या दुपारी शुक्रा नम्रताच्या अंगणात लाकडं फोडत होता. तिनंच त्याला चहा दिला होता, वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या कपात. त्या कपाबद्दल बाई वर्गात कधी बोलल्या नाहीत.

मग गावकी देवळात बसली. मधे नारळ ठेवला. एकदा त्यावर हात ठेवला की गावानं ठरवलं तेच बोलायचं, ही तिथली रीत. नम्रताच्या सासऱ्यानं, पदूनं, घराच्या वतीनं हात ठेवला आणि घरी येऊन खाली मान घालून बसला.

"बाबा, शुक्रा तुरुंगात जाईल," ती म्हणाली.

"जाईल, आन परत येईल बी. आपल्याला वाळीत टाकलं तं? तुजी सासू आंथरुणाला खिळलेली हाय गं. उद्या काय बरंवाईट झालं तं खांदा द्यायला मानूस नाय मिळायचा."

खालापूरच्या कोर्टात शुक्राच्या वकिलानं तिलाच साक्षीला बोलावलं. शुक्राची सगळी भिस्त तिच्यावर होती. शिकलेली बाई, खोटं कशाला बोलेल!

"त्या दुपारी शुक्रा तुमच्या घरी होता का?"

मागच्या बाकांवर इस्त्रीचे कपडे घालून गाव बसलं होतं.

"आठवत नाही."

वकिलानं पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. तिला स्वतःचीच किळस आली, पण शब्द काही बदलला नाही.

शुक्रा पिंजऱ्यातून तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "जाऊ द्या सायेब," तो वकिलाला समजावून सांगू लागला, "बाईंच्या मागं कालेजाची कामं लय. माज्यासारक्याकडं कुठं बगत बसतील?"

न्यायाधीशांनी त्याला मधे बोलू नकोस म्हणून दटावलं.