खंडेनवमीचे ऊन

मित्रांनो, मी एक जुना, विझलेला कण आहे. केसाच्या जाडीत माझ्यासारखे हजारभर सहज मावतील. बारामतीच्या एका प्रयोगशाळेत अंथुर्ण्याच्या वृषालीताईंनी मला घडवले. माझ्या अंगात त्यांनी दोन रंग भरले. तांबडा नेहमी सारखाच चमके, हिरवा मात्र आंबटपणात मंदावे. जिवंत पेशीत शिरून तिथली आम्लता सांगायची, एवढेच माझे काम.

तिथे साफसफाईला पिंपळीच्या छबूबाई येत. त्यांची नात छकुली आजारी होती. पेशींत कचरा जिरवणाऱ्या बारीक पिशव्या असतात. छकुलीच्या पिशव्यांना हवा तेवढा आंबटपणा येत नव्हता. डॉक्टरांनी तिच्या कातडीचा लहानसा तुकडा पाठवला. त्यातून वाढवलेल्या पेशींवर नवे औषध चालते का, ते मी सांगायचे होते.

खंडेनवमीला छबूबाईंनी यंत्रे पुसून पूजा मांडली आणि माझी आणि माझ्यासारख्या लाखो कणांची कुपी काळ्या डबीतून बाहेर काढली.

“माज्या छकुलीचं काम करणार हाय ह्ये. ह्याला अंधारात कशाला कोंडायचं?”

डबीवर ‘उजेडात ठेवू नये’ असे लिहिले होते, पण इंग्रजीत. त्यांनी मला खिडकीत ठेवून हळदकुंकू वाहिले. इतका मान मला कधीच मिळाला नव्हता. दिवसभर ऊन लागले आणि माझा हिरवा रंग उडाला. संध्याकाळी त्यांनी मला पुन्हा डबीत ठेवले.

दसऱ्यानंतर ताईंनी कुपीतले आमच्यातले काही कण पेशींत सोडले. हिरवा मंद दिसला.

“मावशी, आंबटपणा आला! औषध लागू पडलं!”

“व्हय? थांबा, आदी तोंड गोड करा!” छबूबाई गूळ आणायला धावल्या.

तेवढ्यात ताईंनी औषध न दिलेल्या पेशी पाहिल्या. तिथेही हिरवा तितकाच मंद; म्हणजे खोट आम्हा कणांतच होती. त्यांनी कुपी उचलली. झाकणावर कुंकू होते.

“काय झालं वो, ताई?” छबूबाई गूळ घेऊन उभ्या होत्या.

“काही कळलंच नाही, मावशी.”

“मग परत बगा की!”

पण पेशी संपल्या होत्या. छकुली इतकी थकली होती, की डॉक्टर पुन्हा तुकडा काढायला तयार नव्हते.

ताईंनी डबीवर मराठीत चिठ्ठी लावली. आठवड्याने फळी पुसताना छबूबाईंनी अक्षरे जुळवली, “उजेडात... ठेवू... न्हये.” फडके हातात धरून त्या खिडकीतल्या उन्हाकडे पाहत राहिल्या.

मित्रांनो, नाजूक वस्तू जपा. आणि ती कशी जपायची, ते फळी पुसणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत आधीच सांगा. माझ्या झाकणावरचे कुंकू अजून तसेच आहे.