चौथीच्या वर्गातला टॅब

मी एक जुना टॅब आहे. माझा एक कोपरा फुटला आहे आणि पोटभर चार्ज केले तरी तासाभरात मी मान टाकतो. पण मित्रांनो, चौथीच्या वर्गात एके काळी माझाही थाट होता.

कारखान्यात एकाच दिवशी माझ्यासारखी शेकडो भावंडे तयार झाली. माझ्या नशिबी शाळा आली. बाईंनी मला पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा त्यांच्या बोटांचा खडू माझ्या काचेला लागला आणि मला भारी राग आला. पण हळूहळू आमची गट्टी जमली. मी हजेरी घ्यायचो, नकाशे मोठे करून दाखवायचो, मुलांचे वाचन रेकॉर्ड करायचो.

बाईंची एक सवय मात्र माझ्या मुळावर यायची. गेली तीस वर्षे त्या वर्ग सोडताना फळा स्वच्छ पुसत आल्या होत्या. त्याच शिस्तीने रोज संध्याकाळी त्या माझ्यातलेही सगळे पुसून टाकत. सकाळी मी आपला कोरा करकरीत.

वर्गात एक मुलगी होती. बोलताना अडखळायची, म्हणून तोंडच उघडायची नाही. मुले तिला गप्पू म्हणत. तिला वाचता येत नाही असे समजून पुन्हा चौथीतच बसवायचे जवळजवळ ठरले होते; कागदावर फक्त तिच्या बाबांची सही व्हायची होती. बाईंना ते पटेना. त्यांनी मला तिच्या हातात दिले आणि पुस्तकांच्या कपाटामागे बसवले. पहिले दोन दिवस मी तिचा नुसता श्वास टिपला. तिसऱ्या दिवशी एक ओळ आली. शुक्रवारी तिने अख्खा धडा वाचला, थांबत थांबत, पण एकही शब्द न गाळता. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

"उद्या तुझ्या बाबांना हेच ऐकवू," बाई तिला म्हणाल्या. आणि संध्याकाळी, फळा पुसून झाल्यावर, सवयीने त्यांनी मलाही पुसले.

शनिवारी बाबा गॅरेजमधून कामाच्या कपड्यांतच आले. बाईंनी मला उघडले आणि त्यांचा चेहरा पडला.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "काल मीच पुसून टाकलं."

"जाऊ द्या बाई. तिला येत नाही हे मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "सही कुठे करायची तेवढं सांगा."

तेवढ्यात गप्पूने मला उचलले. बाबांकडे पाठ केली, माझे रेकॉर्डिंगचे लाल बटण दाबले आणि वाचायला लागली. तिसऱ्याच शब्दाला गाडी अडली. बाबांचे ओठ हलले. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवले. बराच वेळ गेला, पण शब्द आला. मग पुढचा आला. असे करत पान संपले.

बाबा खुर्चीच्या कडेवर टेकले. "एवढं येतं तुला? मग घरी का नाही वाचून दाखवलंस?"

"तुम्ही माझा श... शब्द पुरा करता, बाबा. हा नाही करत."

बाबांनी डोळे पुसले, तर हाताचे ग्रीस गालाला लागले. मग म्हणाले, "पुढचं पान वाच." आणि धडा संपेपर्यंत ते हाताची घडी घालून बसून राहिले. सहीचा कागद तसाच राहिला.

गप्पू पाचवीत गेली. वर्गात नवे चकचकीत टॅब आले आणि मी खणात पडलो. याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण तिचे ते वाचन बाईंनी अजून पुसलेले नाही.

मित्रांनो, आम्हाला ओल्या हातांनी धरू नका, आपटू नका. आणि एक सांगतो. मी थांबलो यात माझे मोठेपण नाही. यंत्राला कुठे जायची घाई असते? तुम्हाला ती असते. तरी कोणी शब्दापाशी अडले, तर घाई जरा बाजूला ठेवा आणि त्याचा शब्द त्यालाच पुरा करू द्या.