एका मिनिटाचं भांडण

ड्रायव्हर निवृत्त होऊन तीन महिने झाले होते, पण त्याचा उजवा पाय अजून नोकरीवरच होता. तळ्याच्या गावाला निघालेल्या बसमध्ये खिडकीशी बसून तो दर वळणाला नसलेला ब्रेक दाबत होता. बायको शेजारी डबा घेऊन बसली होती. नीट बसा, नाहीतर पुढे जाऊन चालवा, असं तिने दोनदा सुनावलं. पुढे चालवत होता तो त्याच्याच हाताखाली तयार झालेला चेला.

एकतीस वर्षं त्याने हाच रस्ता तुडवला, पण गाव काही पाहिलं नव्हतं. पोचायचं, घाईघाईने चहा घशात ओतायचा आणि गाडी फिरवायची. याची बस पाहून घड्याळं लावावीत असं लोक म्हणत, आणि या कौतुकाची त्याला चटक लागली होती.

त्या चटकेनेच घात केला. तेव्हा लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. सुट्टीच्या दिवशीच त्याला ड्यूटी लागली, तेव्हा बायकोने ठरवलं की त्याच्याच बसने तळ्यावर जायचं आणि संध्याकाळच्या फेरीने परत यायचं. ती स्टॉपवर एक मिनिट उशिरा आली आणि बस निघून गेली. घरी आल्यावर तो म्हणाला, तू दिसलीच नाहीस. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी तळ्याचं नाव काढलं नाही. पुढे संसार चांगला झाला, मुलगी शिकून मार्गी लागली, पण ते खोटं काही त्याच्या घशाखाली उतरलं नाही. आज ते ओकून टाकायचं, मग ती काय वाटेल ते बोलो, असं ठरवूनच तो निघाला होता.

गाव साधंच निघालं. पाण्याकडे उतरणारी गल्ली, रंग उडालेल्या होड्या आणि माणसांना न घाबरणारी बदकं. बायकोने दुकानात चार टोप्या घालून पाहिल्या आणि एकही घेतली नाही. तो सारखा मनगटाकडे बघतोय हे पाहून तिने त्याचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. मग दोघं काठावरच्या बाकावर बसली. वारा सुटला होता, ऊन कोवळं होतं. दुपार अशी संथ गेली की त्याचा धीर दहा वेळा गोळा झाला आणि दहा वेळा सुटला.

ती उकडलेली अंडी सोलायला लागली, तेव्हा तो एकदाचा बोलला.

"त्या दिवशी तू मला दिसली होतीस. आरशात. धावत येत होतीस. थांबलो असतो तर एक मिनिट गेलं असतं, म्हणून नाही थांबलो."

तिचा हात थांबला नाही.

"कोपऱ्यावर पंधरा मिनिटं उभी होते मी," ती म्हणाली. "तुम्ही गाडी सुरू केल्यावर धावले. माझ्यासाठी थांबता का, तेवढंच बघायचं होतं."

त्याचे डोळे भरून आले आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. चुकलो, एवढंच तो म्हणाला. परीक्षा घ्यायची आणि परीक्षा होती हेच सांगायचं नाही, हा माझाही दीडशहाणपणाच, असं म्हणत तिने सोललेलं अंडं त्याच्या हातावर ठेवलं. इतकी वर्षं दोघं एकमेकांपासून हीच एक गोष्ट लपवत होती.

गप्पांत वेळ कसा गेला ते कळलं नाही. स्टँडवरून हॉर्न ऐकू आला तेव्हा तो ताडकन उठला. शेवटची बस होती. बायकोचा गुडघा दुखत होता, म्हणून तो पुढे पळाला. चेला इंजिन सुरू करूनच बसला होता.

"उस्ताद, बसा लवकर. वेळ म्हणजे वेळ, तुम्हीच शिकवलंय."

ड्रायव्हरने एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा जमिनीवर, आणि दांडा घट्ट धरला.

"एक मिनिट थांब," तो म्हणाला. "माझी बायको येतेय."

आतले प्रवासी कुरकुरले. त्याने तिकडे लक्षच दिलं नाही. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बायको दिसली. तिने त्याला तसं अडून उभं राहिलेलं पाहिलं आणि आपली चाल आणखी हळू केली.