पट्टीखालचा वाघ

मी वाघ बोलतोय. हसू नका, आधी ऐका. तेजश्रीच्या डाव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्यामध्ये माझं जंगल आहे.

माझा जन्म अठरा वर्षांपूर्वीचा, मेलबर्नमधल्या क्लेटनचा. नर्सिंगची शेवटची परीक्षा संपली आणि ही युनिव्हर्सिटीतून थेट टॅटूच्या दुकानात शिरली. गोंदणाऱ्या डॅझला नेमकी उचकी लागलेली. म्हणून माझे पट्टे नागमोडी झाले, कान गोल आले. तरी पहिली डरकाळी मी अशी फोडली की क्लेटन स्टेशनात ट्रेन दोन मिनिटं शिरायला धजेना. ड्रायव्हर सिग्नलचं कारण सांगतो, ते सोडा. पुढे तेजश्रीचा हात भरला, तसा मीही अंगाने सुटलो.

पुण्याच्या आईशी व्हिडिओ कॉल असला की चाळीस डिग्रीतही मी लांब बाहीच्या आत. तेही सोसलं. मग करोना आला आणि तेजश्री क्रेगीबर्नकडच्या एका बास्केटबॉल हॉलमध्ये लस टोचायला लागली. तिथल्या मॅनेजर लोरेनबाईंनी भिंतीवर दोन नियम शेजारी शेजारी लावले होते. कोपराखाली काहीही घालायचं नाही, घड्याळसुद्धा. आणि टॅटू झाकलेला हवा. दोन्ही पाळायचे तर मला रोज घरीच थांबावं लागलं असतं.

शेवटी बाईंनीच कातडीच्या रंगाची चिकटपट्टी आणली. कातडी मात्र त्यांची स्वतःची! सावळ्या हातावर ती लांबूनच चमकायची, आणि सॅनिटायझर लागला की सुटायची.

"तेज, डिसेंबरात तुझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय," बाई म्हणाल्या. "हात साफ दिसला तर पुढचं बघू."

तेजश्रीने त्याच दिवशी लेझरची वेळ घेतली. मला पुसायची! मी पट्टीखाली पांढराफटक पडलो. पण माझं वजनच असं की सरकारने माझ्यासाठी अख्खं मेलबर्न बंद केलं. लेझरवाल्यांनाही कुलूप.

त्याच आठवड्यात लस घ्यायला श्रीनिवासकाका आले. सुईला घाबरून दंड दगडासारखा ताठ. एवढ्यात माझी पट्टी सुटली.

"हे काय गं, मांजर?"

"वाघ आहे, काका."

"हा? हा दूधभातावर वाढलेला दिसतोय!"

"झालं, काका."

"काय झालं?"

"टोचून झालं."

तेव्हापासून घाबरट माणूस दिसला की तेजश्री हळूच पट्टीचा कोपरा उचलायची. बाईंना कळलेलं नाही, असं आम्ही समजत होतो.

नोव्हेंबरात सगळं उघडलं. लेझरवाल्यांचा मेसेज आला: सोमवारी या. त्याच दुपारी बूस्टर घ्यायला बाई स्वतः खुर्चीत बसल्या. आधीचे दोन डोस दोघींनी धरून द्यावे लागले होते म्हणे.

"तेज, पट्टी काढ."

"पण नियम..."

"नियम मीच लावलाय. काढ आधी!" बाईंनी मला निरखलं. "कोआला?"

"वाघ."

"मेट, कान बघ. कोआलाच आहे!"

"नाही हो, वाघ! झालं."

बाईंनी दंड चोळला, उठल्या, भिंतीवरचा दुसरा नियम काढून खिशात घातला. "जाताना कॉन्ट्रॅक्टवर सही करून जा. आणि कोआलाला पुन्हा पट्टीत कोंडू नकोस."

तेजश्रीने लेझरवाल्यांना कळवलं, "नको आता. नो वरीज."

तर मंडळी, मी आता उघड्यावर असतो. आईचा कॉल तेवढा बाकी आहे. तुम्ही आमच्या टेबलापाशी लस घ्यायला आलात, तर मला मांजर म्हणा, कोआला म्हणा, मी मनाला लावून घेणार नाही. फक्त भांडा जोरात, आणि दंड सैल सोडा.